सुईण, नर्सबाई आणि मावशी : उरण महालाच्या निमित्तानें

शके १६९६ च्या वैशाखांत, म्हणजे ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं, पुरंदर किल्ल्यावर गंगाबाई पेशवे प्रसूत होऊन सवाई माधवरावाचा जन्म झाला. मराठ्यांच्या इतिहासांत जिच्याविषयीं इतका वाद माजला अशी दुसरी प्रसूति नाहीं. नारायणरावाच्या खुनानंतर जन्मास येणारें हें मूल गादीचें वारस ठरणार असल्यामुळें बारभाईंचें सर्व कारस्थान त्या एका खोलीवर टांगून राहिलें होतें. उलटपक्षीं, गडावर आणखीहि गरोदर ब्राह्मणस्त्रिया नेऊन ठेविल्या आहेत व वेळ पडल्यास मुलाची अदलाबदल होणार आहे, अशी वावडी उठली, आणि ग्रँट डफनें ती आपल्या इतिहासांत नमूद केली. खोलीबाहेर ताटकळत बसलेल्या मंडळींचीं नांवें शाळेंतल्या मुलांसहि पाठ असतात. खोलीच्या आंत ज्या हातांनीं तें मूल झेललें ते हात कोणाचे, हें वाचकांपैकीं किती जणांस सांगतां येईल ?

हा प्रश्न उरणच्या संबंधांत विचारण्यास कारण आहे. त्याच १७७४ सालच्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याच्या किल्ल्याबरोबर करंजा बेटहि घेतलें. पुढें पेशवाईच्या वारशाच्या भांडणांतून निघालेलें युद्ध संपून साळबाईचा तह (१७८२) झाला तेव्हां साष्टी, घारापुरी व करंजा हीं इंग्रजांकडेच राहिलीं. उरण हें त्या करंजा बेटावरचें मुख्य गांव. अर्थात् पुण्याकडील मुलखापेक्षां चाळीसांहून अधिक वर्षें आधीं उरणावर कंपनीचा अंमल बसला. तथापि रुग्णपरिचर्येची शिकलेली बाई त्या गांवांस मिळण्यास तो अंमल बसल्यापासून शंभरांहून अधिक वर्षें वाट पाहावी लागली, आणि तोंवर व त्यानंतरहि बरेंचसें काम ज्यांनीं केलें त्यांस कोणत्याहि सरकारची सनद नव्हती. या सनदी व बिनसनदी हातांचा परस्परसंबंध काय होता, तो या लेखांत पाहावयाचा आहे.

उरणची भूमि ध्यानांत घेतल्यावांचून हा विषय समजणार नाहीं. समोर मुंबई डोळ्यांनीं दिसते, परंतु मध्यें खाडी. पश्चिमेस व उत्तरेस समुद्र, पाठीमागें खारापाटी, मिठागरें व बांध, दक्षिणेस द्रोणागिरीचा डोंगर व करंज्याचें बंदर. उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचा महाल. १८८३ सालीं तो पनवेलीबरोबर ठाणें जिल्ह्यांतून कुलाबा जिल्ह्यांत आला, व त्या कुलाब्याचें १९८१ सालीं रायगड झालें. दप्तरें अशीं फिरत राहिलीं, पण आजाऱ्याची वाट पिढ्यान्पिढ्या एकच होती : मोरा बंदर, तेथून मचवा, पुढें लाँच, आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून १८४५ सालीं उघडलेलें जमशेटजी जिजीभाईंचें रुग्णालय. ही वाट माणसाच्या नव्हे, समुद्राच्या वेळापत्रकानें चाले. मोऱ्यास ओहोटीच्या वेळीं पाणी इतकें मागें हटतें कीं, लाँच धक्क्यास लागत नाहीं. अलीकडेहि या कारणानें फेऱ्या बंद राहिल्याचें प्रवाशांस माहीत आहे. अडलेल्या बाळंतिणीस ओहोटी थांबवितां येत नाहीं. म्हणून अशा प्रदेशांत जवळची जाणती बाई हीच वैद्यकशास्त्राची पहिली, आणि बहुधा शेवटची, पायरी होती.

ती जाणती बाई म्हणजे सुईण. एकोणिसाव्या शतकांतील सरकारी गॅझेटिअरें पाहिलीं तर जातिवर्णनांत तिचा उल्लेख पुनःपुन्हा येतो : सुईण नाळ कापते, आईस व मुलास न्हाऊं घालते, आणि तांदूळ, नारळ व कांहीं नाणीं घेऊन जाते. ही तिची बिदागी. बारा बलुत्यांच्या यादींत ती नाहीं, तिचें वतन नाहीं, तिच्या हक्काचा महजर नाहीं. तरी तिचा हक्क गांवांत कोणी नाकारीत नसे. आगरी असो, कोळी असो, मिठागरावरचा मजूर असो, ज्या घरीं पाळणा हलला त्या घराशीं तिचा जन्माचा संबंध जडे.

पांचवीच्या व सहावीच्या रात्रीं बाळंतिणीच्या घरीं दिवा जागता ठेवण्याची व सटवाईची पूजा करण्याची जी चाल आहे तिचा येथें थोडा विचार करावासा वाटतो. नवजात मुलास धनुर्वात होण्याचें मुख्य कारण म्हणजे अस्वच्छ विळ्यानें वा पात्यानें कापलेली नाळ, आणि त्या नाळेवर लावलेली राख, माती वा शेण. हा रोग जन्मानंतर बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास उमटतो. मूल दूध ओढीनासें होतें, जबडा आवळतो, अंग ताठतें. नेमक्या त्याच रात्रीं घराघरांतून जागरण व्हावें हा योगायोग नसावा, असें आमचें मत आहे. लोकांनीं संकटाचा दिवस अचूक ओळखला होता. कारण मात्र सटवाईच्या माथीं मारलें. सुइणीच्या हातांत कौशल्य होतें, माया होती. तिच्या विळ्यावर काय बसलें आहे हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. तेव्हां सनदेचें महत्त्व कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. भारत प्रसूतिजन्य व नवजातांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचें २०१५ सालीं ठरलें, त्यास लस आणि शिकलेले हात हीं दोन्ही कारणें झालीं.

चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता व रोगी. उपस्थाता म्हणजे परिचारक. त्याच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असें त्याचें म्हणणें. यांतील ज्ञानाची व दक्षतेची परीक्षा घेतां येते, शुचितेची पाहणी करतां येते. अनुरागास गुण देणारा परीक्षक अद्याप निघालेला नाहीं. परिचर्येच्या सनदेचा पुढील सारा इतिहास या एका अडचणीभोंवतीं फिरतो, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

आधुनिक अर्थानें परिचर्येचें शिक्षण फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं लंडनमध्यें १८६० सालीं काढलेल्या शाळेपासून धरतात. आमच्याकडे मुंबईच्या रुग्णालयांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशांत ऑल सेंट्स पंथाच्या जोगिणी परिचर्येस आल्या. त्यांना ‘सिस्टर’ म्हणत, आणि त्या गेल्या तरी तें संबोधन कायम राहिलें. १८८५ सालीं लेडी डफरिन यांनीं स्त्रियांस स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधि उभारला; डॉक्टरणींबरोबर परिचारिका व सुइणी शिकविणें हाहि त्याचा हेतु होता. १८८६ सालीं पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीनें बांधलेलें स्त्रियांचें रुग्णालय मुंबईंत उघडलें, व तेथें डॉ. एडिथ पीची यांनीं परिचारिकांचें शिक्षण सुरू केलें. १८९१ सालीं तयार झालेल्या काशीबाई गणपत यांस पहिल्या भारतीय शिक्षित परिचारिका मानण्यांत येतें. या नांवाकडे जरा पाहावें. त्यांत आडनांव नाहीं. डॉक्टरणींचीं घराणीं, गांवें व चरित्रें छापलीं जात होतीं त्याच काळांत पहिली परिचारिका पुरुषाच्या एका नांवाच्या आधारावर इतिहासांत उभी राहिली.

मिरजेस डॉ. वान्लेस यांच्या मिशन रुग्णालयांत १८९७ पासून परिचारिकांची शाळा चालूं झाली. अशा शाळांतून आरंभीं शिकावयास येत त्या मुली बहुतेक ख्रिस्ती. कारण उघड आहे. परक्याचें मलमूत्र काढणें, परजातीच्या देहास हात लावणें, रात्रीं घराबाहेर राहणें, यांपैकीं एकहि गोष्ट त्या वेळच्या उच्चवर्णीय घरांत खपण्यासारखी नव्हती. आणि ज्यांस तें काम परंपरेनेंच करावें लागे त्यांस शाळेंत कोणी घेत नव्हतें. याच १८९७ सालीं मार्च महिन्यांत पुण्याच्या प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं हडपसराजवळ उपचाराची सोय केली होती, तेथें त्या काम करीत. सावित्रीबाईंजवळ अध्यापनाचें शिक्षण होतें. परिचर्येची सनद नव्हती. शिक्षणाच्या इतिहासांत त्यांचें स्थान आतां सर्वमान्य झालें आहे, परंतु परिचर्येच्या इतिहासांत त्यांचें नांव जितक्या ठळकपणें यावयास पाहिजे तितकें येत नाहीं.

ही कोंडी फोडण्याचें मोठें श्रेय पुण्याच्या सेवासदनास दिलें पाहिजे. मुंबईस मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं १९०८ सालीं सेवासदन काढलें. पुढच्याच वर्षीं रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्यानें पुण्यास काढलें. ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यास रमाबाईंनीं विधवा व इतर हिंदु स्त्रिया तयार केल्या, व त्यांच्या राहण्याची सोय केली. यांत धैर्य कोणाचें अधिक, असें विचारल्यास आम्ही त्या पहिल्या विद्यार्थिनींचें म्हणूं. न्यायमूर्तींच्या पत्नीस लोक नांवें ठेवीत, पण वाड्यांतून काढून लावीत नसत. सोवळ्यांतली बाई परक्या पुरुषाच्या जखमेवर पट्टी बांधते, ही वार्ता माहेरीं पोंचल्यावर तिला परत कोणतें दार उघडें राहिलें असेल याचा विचार करावा. तिच्या पुढें जाण्याची वाट उघडी होती ती केवळ त्या सनदेमुळें. सनद म्हणजे तिचें पोट, आणि तिची अब्रूहि.

सुइणींच्या शिक्षणासाठीं लेडी कर्झन यांनीं १९०३ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निधि काढला होता. त्याचा हेतु चांगला, पण दृष्टि वरून खालीं पाहणारी. सुईण ही घाण, अडाणी व घातकी अशी एक मूर्ति त्या काळच्या इंग्रजी अहवालांत घडविली गेली, आणि आमच्या सुधारकांनींहि ती बरीचशी उचलली. विळा दोषी होता तो निकाल विळा धरणारीवर लागला.

१९३५ सालीं मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुइणी व आरोग्यप्रचारिका यांच्या नोंदणीचा कायदा झाला. मद्रासेंत तसा कायदा १९२६ सालींच झाला होता. नोंदणीपुस्तक झालें, म्हणजे आंत कोण व बाहेर कोण याची रेघ ओढली गेली. वॉर्डांतील आया, ड्रेसर, वॉर्डबॉय हे रेघेच्या बाहेर. गांवची सुईणहि बाहेर. १९४६ सालीं भोर समितीचा अहवाल आला तेव्हां साऱ्या हिंदुस्थानांत परिचारिका सुमारें ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक; आणि शिकलेल्या सुइणी सुमारें ५,०००. बाकीच्या कोट्यवधि आजाऱ्यांची उशी कोण सारखी करीत होतें, हें त्या आंकड्यांत दिसत नाहीं.

ही तूट लौकर भरून निघणें शक्य नाहीं हें जाणून १९५१ पासून ‘सहायक परिचारिका प्रसाविका’ हा नवा वर्ग निर्माण करण्यांत आला. पहिलें शिक्षण पंजाबांत तरनतारन येथें सुरू झालें. सात-आठ इयत्ता शिकलेल्या मुलींस दोन वर्षांत परिचर्या व प्रसूतिकर्म शिकवावें, आणि १९५२ पासून निघूं लागलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या खालीं खेड्यांत पाठवावें, ही योजना. हिलाच लोक ‘नर्सबाई’ म्हणूं लागले. नांवांत ‘सहायक’ हा शब्द आहे. प्रत्यक्षांत खेड्यामध्यें ती ज्याला साहाय्य करणार तो डॉक्टर कोसांवर. खाडीपलीकडच्या वाडीवर रात्रीं बोलावणें आलें म्हणजे निर्णय तिचा तिलाच घ्यावा लागे : भरतीची वाट पाहावी, बाजेवर घालून निघावें, कीं येथेंच हात धुऊन बसावें. १९७३ सालीं कर्तारसिंग समितीनें तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती केलें, आणि प्रसूतीबरोबर हिवताप, लसटोचणी, कुटुंबनियोजन व असंख्य नोंदवह्या तिच्या पदरीं बांधल्या. उपकेंद्राचें प्रमाण पांच हजार वस्तीस एक असें ठरलें. अभ्यासक्रम पुढें अठरा महिन्यांचा झाला व कालांतरानें पुन्हा दोन वर्षांचा; प्रवेशास आतां बारावी लागते. ज्या प्रमाणांत नर्सबाईची सनद मोठी होत गेली त्या प्रमाणांत तिचा वेळ रोग्याच्या अंगावरून वहीवर सरकला. यांत तिचा दोष नाहीं.

याच काळांत सुइणीकडेहि सरकारचें लक्ष पुन्हा वळलें. तीस दिवसांचें शिक्षण, तीनशें रुपये विद्यावेतन, त्यांतले कांहीं दिवस उपकेंद्रावर व कांहीं दिवस नर्सबाईबरोबर गांवोगांव, निदान दोन बाळंतपणें तिच्या देखरेखीखालीं, आणि अखेरीस एक पेटी व एक प्रमाणपत्र, अशी योजना होती. पांच स्वच्छता शिकवीत : हात, जागा, पातें, नाळेचा दोरा व नाळ. शतकानुशतकें बिनसनदी राहिलेल्या हातांस अखेर सनद मिळाली. पण २००५ पासून रुग्णालयांतील बाळंतपणास अनुदान मिळूं लागलें, आणि सुइणीचा व्यवसाय गांवागांवांतून मावळला. पत्र्याची ती पेटी आतां कोणाच्या माळ्यावर सांपडली तर संशोधकांनीं ती जपून ठेवावी. आमच्या दृष्टीनें ती एखाद्या ताम्रपटाहून कमी मोलाची नाहीं.

आतां रुग्णालयाच्या आंतील मंडळींकडे वळूं. महाराष्ट्रांतील कोणत्याहि वॉर्डांत कान देऊन ऐकावें. सनदी परिचारिकेस रोगी ‘सिस्टर’ म्हणतात, आयेस ‘मावशी’, व वॉर्डबॉयास ‘मामा’. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांनीं आणलेला. कागदावर तो टिकला, तोंडांत मात्र मावशीच आली. सिस्टर म्हणजे बहीण, मावशी म्हणजे आईची बहीण. एक नातें मठांतून आलें, दुसरें माजघरांतून. आणि पगारानें जी खालची, नात्यानें ती वडील. मराठी माणसानें हा क्रम कोणाच्या हुकुमावांचून लावला आहे.

मावशीचें काम कोणतें ? अंथरुणास खिळलेल्या रोग्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळविणें. ओल्या फडक्यानें अंग पुसणें. पाठीच्या हाडांवरची कातडी तांबूस झाली आहे काय तें पाहणें. चादरीस सुरकुती राहूं न देणें. भांडें देणें व काढणें. पिशवींत लघवी किती जमली तें सिस्टरला सांगणें. मान उचलून, घास गिळला हें पाहून मगच दुसरा घास देणें. हीं कामें क्षुद्र दिसतात. परंतु पाठीवर एकदां व्रण पडला कीं मोठमोठीं औषधें थकतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ सालीं झालेल्या अत्याचारानंतर १८ मे २०१५ रोजीं निधन होईतोंपर्यंत, सुमारें बेचाळीस वर्षें, त्याच रुग्णालयांत अंथरुणावर होत्या. सर्वोच्च न्यायालयानें २०११ च्या निकालांत तेथील परिचारिका व कर्मचारी यांची वाखाणणी केली, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगास एकहि शय्याव्रण झाला नाहीं हें नमूद केलें. परिचर्येच्या इतिहासांत याहून बळकट पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं. तो केवळ सनदी हातांचा नाहीं. बेचाळीस वर्षें चादर बदलणाऱ्या सर्वांचा आहे.

या बिनसनदी वर्गासहि आतां सनद देण्याचा प्रयत्न चालूं आहे. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ या नांवानें कौशल्यविकासाच्या योजनेखालीं कांहीं महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. अमेरिकेंत ज्यास प्रमाणित परिचर्या साहाय्यक म्हणतात त्याचा हा आपल्याकडील जवळचा भाऊ. करोनाच्या सांथींत, जून २०२१ मध्यें, केंद्र सरकारनें एक लाखाहून अधिक तरुणांस थोडक्या मुदतींत तयार करण्याची योजना काढली, तींत घरीं रुग्णसेवा करणें हाहि एक विषय होता. मात्र अशा प्रमाणपत्रानें नर्सिंग कौन्सिलच्या पुस्तकांत नांव चढत नाहीं. हा भेद शिकावयास येणाऱ्या मुलीस पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगितला जावा. कारण फी भरून, गणवेश शिवून, वर्षभरानें तो भेद कळणें हें दुःखदायक असतें.

उरणांत याचें महत्त्व विशेष आहे. जानेवारी १९८४ मध्यें भूमिसंपादनाविरुद्धच्या लढ्यांत येथें गोळीबार होऊन पांच जण बळी पडले; १९८९ सालीं न्हावाशेव्याचें बंदर सुरू झालें; भातशेती व मिठागरें यांवर जगणाऱ्या घरांस नवे उद्योग शोधावे लागले, आणि मुली शिकून नोकरीच्या वाटेस लागल्या. त्यांत रुग्णालयाची वाट ही एक. १२ जानेवारी २०२४ रोजीं उरणपर्यंत रेल्वे आली व त्याच दिवशीं शिवडीचा सागरी सेतूहि खुला झाला. ओहोटीची सत्ता त्या दिवशीं बरीच संपली. गांवांत ग्रामीण रुग्णालय आहे, आणि मोठ्या दुखण्यास नवी मुंबई व मुंबई गाडीच्या अंतरावर आलीं.

कांहीं वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकाच्या आईस एका रुग्णालयांत तेवीस रात्री राहावें लागलें. तिला रोज रात्रीं दोनदां कुशीवर वळविणारी मावशी एकच होती. पहाटेची पाळी संपवून ती पहिल्या गाडीनें आपल्या गांवीं परत जाई. घरीं जाण्याच्या दिवशीं हातांत पडलेल्या कागदावर तीन डॉक्टरांचीं नांवें होतीं, एका सिस्टरची सही होती, औषधें व तपासण्या तारीखवार लिहिल्या होत्या. कागदपत्रांचा धंदा करणाऱ्या माणसास नांव विचारून घेण्याचें सुचावयास पाहिजे होतें. तें सुचलें तेव्हां आम्ही घरीं पोंचलों होतों.